साठ हर्ट्झची मोटर, पन्नास हर्ट्झची वीज

जपानमधून आलेल्या जुन्या सीएनसी यंत्राच्या मागच्या पॅनेलचं दार उघडलं की आत पत्र्याची एक छोटी पाटी दिसते. तिच्यावर साधारण असा मजकूर असतो : तीन फेज, २०० व्होल्ट ५०/६० हर्ट्झ, २२० व्होल्ट ६० हर्ट्झ. भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत अशी यंत्रं भेटतात. आपल्याकडच्या थ्री फेज लाइनवर मात्र दोन फेजांच्या मध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट असतात. यंत्राला हवे त्याच्या दुप्पट! हा फरक इतका ढळढळीत आहे की यंत्र घेणारा कारखानदार ते बंदरात उतरण्याआधीच ट्रान्सफॉर्मर सांगून ठेवतो. पाटीवरच्या दुसऱ्या आकड्याकडे, हर्ट्झकडे, लक्ष जातं ते बऱ्याचदा मोटर तापायला लागल्यावर. जपानी यंत्राच्या बाबतीत हे दुर्लक्ष निभावून जातं, कारण तिथे ५० आणि ६० हे दोन्ही आकडे छापलेले असतात. अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर ६० हा एकच आकडा असतो आणि तिथे व्होल्टेज जुळवूनही काम अर्धंच झालेलं असतं.

जपानी पाटीवर दोन आकडे का असतात, याचं उत्तर १८९०च्या दशकात सापडतं. टोकियोच्या वीज कंपनीने १८९५च्या सुमारास जर्मनीच्या एईजी कंपनीकडून ५० हर्ट्झची जनित्रं घेतली. पुढच्या एक-दोन वर्षांत ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झची घेतली. दोन्ही शहरांची जाळी वाढत वाढत एकमेकींना भिडली, पण एक कधीच झाली नाहीत. आजही शिझुओका प्रांतातल्या फुजी नदीच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झची वीज वाहते. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमासह पूर्वेकडची वीज केंद्रं बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही टोकियो परिसरात पाळीपाळीने भारनियमन करावं लागलं. एका वारंवारतेची वीज दुसऱ्या वारंवारतेत बदलून देणाऱ्या केंद्रांची क्षमता त्या वेळी जेमतेम १० लाख किलोवॅट होती. ज्या देशात कारखाना शंभर मैल हलवला तरी वारंवारता बदलते, तिथला यंत्र बनवणारा दोन्ही आकड्यांचा विचार करूनच मोटर निवडतो. भारतीय खरेदीदाराला त्याचा आयता फायदा मिळतो.

मुळात हे आकडे निसर्गाने ठरवून दिलेले नाहीत. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी १७५ किलोमीटरची पहिली गाजलेली तीन फेजची वाहिनी चालली ती ४० हर्ट्झवर. त्या वारंवारतेला दिवे डोळ्यांना जाणवेल इतके लुकलुकत, म्हणून एईजीने पुढे ५० हर्ट्झ धरले. अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० वर जम बसवला, तरी नायगारा धबधब्यावरचं १८९५चं केंद्र २५ हर्ट्झचंच होतं. कॅनडातल्या दक्षिण ऑन्टॅरिओत ही २५ हर्ट्झची वीज दुसऱ्या महायुद्धानंतरही घरोघरी होती. ती बदलून ६० हर्ट्झ करायला १९४९ ते १९५९ अशी दहा वर्षं लागली. दक्षिण कॅलिफोर्निया तर १९४८ पर्यंत ५० हर्ट्झवर होता. वारंवारता बदलायची म्हणजे त्या भागातली प्रत्येक मोटर आणि प्रत्येक विजेचं घड्याळ तपासायचं. एका यंत्राच्या बाबतीत आपला इलेक्ट्रिशियन जे करतो, ते त्या काळी अख्ख्या प्रांतासाठी करावं लागलं.

भारतात ब्रिटिशांच्या वळणाने ५० हर्ट्झ आले, आणि २४०/४१५ व्होल्टही. त्यामुळे इंग्लंडहून आलेलं जुनं कोल्चेस्टर लेथ इथे फारशी कुरकुर न करता चालतं.

आता प्रश्न असा, की १० हर्ट्झच्या फरकाने एवढं बिघडतं काय? त्यासाठी मोटरच्या पोटात शिरावं लागतं. मोटरच्या वायंडिंगला व्होल्टेज मिळालं की तिच्या लोखंडी गाभ्यात चुंबकत्व वाढायला लागतं आणि विजेची दिशा उलटेपर्यंत ते वाढत राहतं. ६० हर्ट्झला दिशा दर ८.३३ मिलिसेकंदांनी उलटते, ५० हर्ट्झला दर १० मिलिसेकंदांनी. व्होल्टेज तेच ठेवलं तर चुंबकत्वाला वाढायला दर खेपेला पाचव्या हिश्शाने जास्त वेळ मिळतो आणि ते २० टक्क्यांनी जास्त चढतं. मोटर बनवणारा लोखंड मोजूनमापून घालतो. गाभा त्याच्या मर्यादेच्या जवळच काम करत असतो. मर्यादा ओलांडली की लोखंड आणखी चुंबकत्व घेत नाही, फक्त करंट वाढत जातो. हा करंट कुठलंही काम करत नाही. तो वायंडिंग तापवतो. म्हणून अशा मोटरची लक्षणं चमत्कारिक असतात : काही भार नसताना ती पाटीवरच्या पूर्ण भाराच्या करंटपेक्षाही जास्त करंट ओढते, घुमते आणि अर्ध्या तासात हात लावू देत नाही.

यावरून एक साधा हिशोब निघतो आणि या विषयात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पाटीवरच्या व्होल्टला हर्ट्झने भागायचं. २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ म्हणजे ३.८३. हीच मोटर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर लावली तर ४.६. हा भागाकार जितका वर गेला तितकी मोटर जास्त भरली. चार-पाच टक्के वाढ बहुतेक मोटरी सोसतात, वीस टक्के फारच थोड्या.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत राहिलेला एखादा माणूस कायमचा परत येताना आपलं छोटं लेथ किंवा लाकूडकामाचं टेबल सॉ कंटेनरमधून घेऊन येतो. मोटरच्या पाटीवर असतं : दीड हॉर्सपॉवर, ११५/२३० व्होल्ट, ६० हर्ट्झ, सिंगल फेज, १७२५ आरपीएम. २३० हा आकडा वाचून जीव भांड्यात पडतो. टर्मिनल बॉक्समधल्या तारा २३० साठी जोडायच्या, प्लग बदलायचा आणि चालू करायचं, असं वाटतं. मोटर फिरतेही. पण वर काढलेला भागाकार लागू पडतो आणि त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात. चार पोलच्या मोटरचा वेग ६० हर्ट्झला १८०० च्या जरा खाली असतो, ५० हर्ट्झला १५०० च्या जरा खाली. म्हणजे १७२५ ची मोटर १४२५ च्या आसपास फिरते. मोटरला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही सहाव्या हिश्शाने मंदावतो. उष्णता वाढली आणि वारा कमी झाला, अशी दुहेरी कोंडी होते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. अशा सिंगल फेज मोटरीत सुरुवातीचा जोर देण्यासाठी वेगळं वायंडिंग आणि कपॅसिटर असतो. मोटरने पूर्ण वेगाच्या सुमारे ७५ टक्के वेग गाठला की शाफ्टवरचा सेंट्रिफ्युगल स्विच ते तोडून टाकतो. ६० हर्ट्झच्या हिशोबाने हा वेग १३५० आरपीएमच्या आसपास येतो. आपल्याकडे ती मोटर सगळी मिळून १४२५ पर्यंतच जाते. भार जरा जास्त पडला, व्होल्टेज जरा पडलं, तर स्विच उघडतच नाही. काही सेकंदांसाठी बनवलेलं वायंडिंग मिनिटभर करंट घेत राहतं आणि जळतं, किंवा कपॅसिटर फुटतो. मोटर जळाली की दोष स्वस्त कपॅसिटरला दिला जातो. नवा कपॅसिटर बसतो आणि तोही जातो.

यावर उपाय आहेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. सगळ्यात स्वस्त म्हणजे व्होल्टेज त्याच प्रमाणात खाली आणणं. २३० चे पाच षष्ठांश सुमारे १९२ होतात. एका ट्रान्सफॉर्मरने मोटरला १९० व्होल्ट दिले की गाभा पुन्हा आपल्या मर्यादेत येतो. ताकद मात्र दीडवरून सव्वा हॉर्सपॉवरवर उतरते आणि सेंट्रिफ्युगल स्विचचा प्रश्न तसाच राहतो. त्याची स्प्रिंग बदलायची किंवा टायमर रिले लावायचा.

दुसरा उपाय प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतो : रिवाइंडिंग. चांगला वाइंडर जुनी कॉइल उलगडताना वेढे मोजतो, तारेचा गेज मोजतो आणि तेवढेच वेढे पुन्हा घालतो. इथे नेमकं तेवढेच घालून चालत नाही. २३० व्होल्ट ५० हर्ट्झसाठी वेढे सुमारे २० टक्क्यांनी वाढवावे लागतात आणि ते त्याच खाचांत मावावेत म्हणून तार बारीक घ्यावी लागते. अमेरिकेतले तारेचे गेज आणि आपल्याकडचे एसडब्ल्यूजी हे वेगळे आहेत. त्यामुळे गेजच्या नंबरावर विसंबण्यापेक्षा मायक्रोमीटरने व्यास मोजून घेणं शहाणपणाचं. हे सगळं वाइंडरला आधी सांगितलं नाही तर तो प्रामाणिकपणे जुनीच मोटर नव्याने बनवून देतो, आणि ती पुन्हा त्याच रीतीने जळते.

तिसरा उपाय म्हणजे मोटरच बदलणं. ऐकायला सरळ, पण इथे इंच आणि मिलिमीटर आडवे येतात. अमेरिकन छोट्या यंत्रांवर नेहमी दिसणाऱ्या ५६ नंबरच्या फ्रेममध्ये पायांपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर असते. आपल्याकडे मिळणाऱ्या ९० नंबरच्या फ्रेममध्ये ती ९० मिलिमीटर असते. फरक १.१ मिलिमीटरचा, पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात काहीच नाही. शाफ्टचा व्यास मात्र तिकडे पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, आणि इकडे २४. बोल्टची भोकं जुळत नाहीत, जुनी पुली बसत नाही. पुलीचं भोक मोठं करायला धातू पुरत नसेल तर नवी पुली घ्यावी लागते. आणि नवी घ्यायचीच तर व्यास २० टक्क्यांनी मोठा घ्यावा : १०० मिलिमीटरच्या जागी १२०. मोटर मंद फिरली तरी यंत्राचा वेग मूळचा राहतो आणि लेथच्या हेडस्टॉकवर छापलेल्या वेगांच्या तक्त्यावर विश्वास ठेवता येतो.

वेगाचा हा फरक सगळीकडे सारखा छळत नाही. लेथवर वेग सहाव्या हिश्शाने कमी झाला तर काम थोडं उशिरा होतं, इतकंच. मागावर तो सरळ उत्पन्नात दिसतो. इचलकरंजीत परदेशातून आलेले वापरलेले शटललेस माग बरेच आहेत. ६० हर्ट्झवर मिनिटाला ६०० पिक्स, म्हणजे आडवे धागे, घेणारा माग पुली न बदलता ५० वर लावला तर तो ५०० वर येतो. पंखे आणि सेंट्रिफ्युगल पंप यांचं गणित आणखी वेगळं. वेग पाच षष्ठांश झाला की हवा तेवढीच कमी होते, पण दाब जवळजवळ ७० टक्क्यांवर आणि लागणारी ताकद ५८ टक्क्यांवर येते. म्हणून अमेरिकन डस्ट कलेक्टर इथे भुसा ओढताना दुबळा वाटतो. उलट दिशेचा प्रवास जास्त धोक्याचा. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा ब्लोअर सौदी अरेबियात नेला, जिथे ६० हर्ट्झ आहेत, तर तो सुमारे ७३ टक्के जास्त ताकद मागतो आणि मोटर ओव्हरलोड होते. शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीत, ओमानमध्ये, कुवेतमध्ये ५० हर्ट्झ आहेत. आखातातली सहा देशांची जाळी जोडताना सौदी या एका देशासाठी अल फाधिली इथे १८०० मेगावॉटचं बदल केंद्र उभारावं लागलं. आखातातून सामान घेऊन कोकणात परतणाऱ्याने ते दुबईत घेतलं की जेद्दात, हे म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

काही वस्तूंना मात्र हर्ट्झचं सोयरसुतक नसतं. हँड ड्रिल, अँगल ग्राइंडर, राउटर यांत कार्बन ब्रशच्या युनिव्हर्सल मोटरी असतात. त्यांना फक्त योग्य व्होल्टेज हवं. अमेरिकन ११५ व्होल्टचा ग्राइंडर ११० व्होल्टच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर निर्धास्त चालतो. तोच ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्टच्या इंडक्शन मोटरला मात्र पुरता योग्य नाही : ११० भागिले ५० हे ११५ भागिले ६० पेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरतं. तिथे जपानी वस्तूंसाठी मिळणारा १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जास्त चांगला, कारण तो जवळपास मूळचंच प्रमाण राखतो. दुकानदाराला हे क्वचितच ठाऊक असतं, म्हणून विकत घेणाऱ्याने ठाऊक करून घ्यावं. शिवाय स्वस्त ट्रान्सफॉर्मर बहुधा ऑटो प्रकारचे असतात. त्यांत एकच वायंडिंग असतं, आणि त्यातला सामाईक भाग तुटला तर ११५ व्होल्टच्या हत्याराला थेट २३० मिळतात. हातात धरायच्या वस्तूसाठी दोन वेगळ्या वायंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच घ्यावा. ब्रिटनमध्ये बांधकामावरची हत्यारं ११० व्होल्टवर चालवतात ती याच काळजीपोटी. तिथल्या पिवळ्या ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू अर्थ केलेला असतो आणि कामगाराला धक्का बसला तरी तो ५५ व्होल्टचा बसतो.

हीटरचं गणित व्होल्टेजच्या वर्गाचं आहे. २०० व्होल्टचा जपानी बँड हीटर २३० वर लावला तर ताकद ३२ टक्क्यांनी वाढते. प्लास्टिक मोल्डिंग यंत्राच्या बॅरलवर अशा हीटरांची रांग असते. कंट्रोलर तापमान आवरून धरतो, पण हीटर लवकर जातात. १२० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर ताकद साडेतीन पटींच्याही वर जाते आणि तो काही मिनिटांचा सोबती असतो.

अमेरिकन यंत्राची आणखी एक खोड तारांमध्ये दडलेली असते. तिथल्या घरात २४० व्होल्ट येतात ते मध्यभागी अर्थ केलेल्या ट्रान्सफॉर्मरवरून : दोन जिवंत तारा, प्रत्येकीचं न्यूट्रलशी १२० व्होल्टचं नातं. आपल्याकडे २३० म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. यंत्राची मुख्य मोटर दोन जिवंत तारांमध्ये २४० वर चालत असली, तरी दिवा, कॉन्टॅक्टरची कॉइल, टायमर या गोष्टी एक जिवंत तार आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० वर जोडलेल्या असू शकतात. चार तारांची अशी केबल पाहून इथल्या वायरमनने न्यूट्रलला न्यूट्रल जोडली की त्या १२० व्होल्टच्या वस्तूंना २३० मिळतात. योग्य रीत अशी : मोटरला दोन तारांवर फेज आणि न्यूट्रल द्यायचं, जुनी न्यूट्रल तार लाइनपासून पूर्ण तोडायची आणि १२० व्होल्टच्या वस्तूंसाठी पॅनेलमध्ये छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवायचा. कॉन्टॅक्टरची कॉइल ६० हर्ट्झची असेल तर ती बदलून ५० हर्ट्झची घ्यावी, कारण तिचंही लोखंड मोटरच्या लोखंडासारखंच भरतं.

आणि रंग. याबद्दल जितकं बजावावं तितकं कमीच. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. अमेरिकेत काळा जिवंत आणि पांढरा न्यूट्रल. युरोपात तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे अमेरिकन यंत्रातली काळी तार इथल्या सवयीने न्यूट्रलला जोडली जाते आणि युरोपियन यंत्राचा निळा न्यूट्रल तिसऱ्या फेजला. त्यातही यंत्राच्या आतले नियम निराळे असतात. युरोपियन पॅनेलमध्ये मुख्य वीज वाहणाऱ्या सगळ्याच तारा काळ्या असू शकतात आणि लाल तार म्हणजे एसी कंट्रोल. नारिंगी तार दिसली तर हात आवरावा, कारण मुख्य स्विच बंद केल्यावरही तिच्यात वीज असू शकते. रंगावर विसंबून एकही तार जोडू नये. यंत्राचं सर्किट ड्रॉइंग, टर्मिनलचे नंबर आणि मल्टिमीटर, या तिन्हींची साक्ष जुळली की मगच स्क्रू आवळावा.

पुन्हा जपानी यंत्राकडे वळू. समजा यंत्राला १५ केव्हीए लागतात. ४१५ व्होल्टच्या बाजूने करंट २१ अँपिअर आणि २०० व्होल्टच्या बाजूने ४३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरनंतरची केबल जाड हवी, ही गोष्ट साधी असूनही राहून जाते. ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार घ्यावा आणि दुसऱ्या बाजूचा स्टार बिंदू अर्थ करावा. तो तरंगता ठेवला तर यंत्राच्या सांगाड्याला तार लागूनही ब्रेकर पडणार नाही आणि दोष आत मुरत राहील. चालू करतानाच ब्रेकर पडत असेल तर ट्रान्सफॉर्मर बिघडला असं लगेच समजू नये. चालू होण्याच्या क्षणी तो आपल्या नेहमीच्या करंटच्या आठ-दहा पट करंट एखाद्या झटक्यात ओढतो. त्यासाठी डी कर्व्हचा एमसीबी असतो, जो दहा ते वीस पटींनंतरच तात्काळ पडतो. औद्योगिक वसाहतीत रात्री भार उतरला की लाइनचं व्होल्टेज चढतं आणि त्याच प्रमाणात २०० चे २१५ होतात. म्हणून सर्व्हो स्टॅबिलायझर ट्रान्सफॉर्मरच्या आधी ठेवण्याची आपल्या कारखान्यांतली पद्धत योग्यच आहे.

तीन फेजच्या अमेरिकन मोटरीसाठी नशीब थोडं बरं आहे. २३०/४६० व्होल्टच्या त्या मोटरीतून नऊ तारा बाहेर येतात आणि त्या ४६० साठी जोडता येतात. ४६० भागिले ६० म्हणजे ७.६७, आपले ४०० भागिले ५० म्हणजे ८. फरक चार टक्क्यांचा, ४१५ धरले तर आठ. पूर्ण ताकदीऐवजी पाच षष्ठांश ताकदीवर समाधान मानलं तर अशी मोटर वर्षानुवर्षं चालते.

वेगही मूळचाच हवा असेल तर व्हीएफडी लावावा. हा ड्राइव्ह आलेल्या एसीचा आधी डीसी करतो आणि मग त्यातून हव्या त्या हर्ट्झची तीन फेजची वीज कातरून काढतो. सिंगल फेज २३० घेऊन तीन फेज २३० देणारे छोटे ड्राइव्ह साधारण तीन हॉर्सपॉवरपर्यंत सहज मिळतात. थ्री फेजचं कनेक्शन नसलेल्या गावातल्या वर्कशॉपला याहून मोठी सोय नाही. २३० व्होल्ट ६० हर्ट्झची तीन फेजची मोटर त्यावर अगदी मूळच्यासारखी चालते. ४६० ची मोटर ४१५ च्या ड्राइव्हवर लावली तर ५४ हर्ट्झपर्यंत पूर्ण जोर मिळतो, आणि ६० वर तो ९० टक्क्यांवर येतो, कारण ड्राइव्हला आलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देता येत नाही.

पण व्हीएफडी सरसकट औषध म्हणून वापरू नये. कपॅसिटरच्या सिंगल फेज मोटरीला तो चालत नाही. अख्खं सीएनसी यंत्र त्यावर टांगायचं नसतं. त्याची वीज गुळगुळीत लहरीची नसते, तुकड्यातुकड्यांची असते. आतली कॉइल, ट्रान्सफॉर्मर, इलेक्ट्रॉनिक्स यांना ती सोसत नाही. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर तसाच ठेवून त्याने मोटर चालू-बंद केली तर ड्राइव्हच जातो. केबल फार लांब असेल तर मोटरच्या तोंडाशी व्होल्टेजचे उंच झटके उमटतात आणि जुन्या वायंडिंगचं वॉर्निश त्यात हार मानतं. शिवाय ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ५८७ व्होल्ट डीसी साठलेले असतात. मेन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून, मीटरने खात्री करूनच झाकण उघडावं.

सगळं जोडून झालं की पहिल्यांदा चालू करण्याआधी मेगरने वायंडिंगचा इन्सुलेशन रोध पाहावा, कारण समुद्रातून आलेल्या यंत्रात ओल शिरलेली असू शकते. मात्र ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं आधी वेगळी काढावीत. नंतर फिरण्याची दिशा. दोन फेजांची अदलाबदल झाली की तीन फेजची मोटर उलटी फिरते. लेथला त्याने काही होत नाही, पण हायड्रॉलिक पंप किंवा स्क्रू कॉम्प्रेसर थोडा वेळ उलटा फिरला तरी कायमचा जाऊ शकतो. म्हणून कपलिंग सोडवून, बटण क्षणभर दाबून बाण पाहावा. इथल्या लाइनचा एखादा फेज जाणं ही नित्याची गोष्ट आहे आणि परदेशी पॅनेलमध्ये त्याची तजवीज असेलच असं नाही. त्यामुळे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वेगळा बसवावा.

मग क्लॅम्प मीटर. आधी बिनभार करंट घ्यायचा, तिन्ही फेजांवर. तो पाटीवरच्या करंटच्या जवळ जात असेल तर गाभा भरलाय, पुढे जाऊ नये. ठीक असेल तर नेहमीचं काम लावून तासभर चालवायचं आणि तापमान पाहायचं. मोटरीच्या इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत : बी वर्ग १३० अंश सेल्सिअसपर्यंत, एफ वर्ग १५५ पर्यंत. कायम दहा अंश जास्त तापणाऱ्या वायंडिंगचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. पाटीवरची ताकद धरलेली असते ती भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असेल या हिशोबाने. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्या वर असतो. तिथे जानेवारीत तपासून 'ठीक' ठरवलेली ६० हर्ट्झची मोटर उन्हाळ्यात पुन्हा एकदा मोजावी लागते, आणि तेव्हा करंट पाटीच्या काठावर येत असेल तर कट कमी करावा किंवा पुढच्या मापाची मोटर बसवावी.